शेकरूची सात घरटी

घाटमाथ्यावरच्या एका दाट जंगलात, दरीच्या काठावर उभ्या असलेल्या हिरड्याच्या झाडावर, एक शेकरू आपली बायको आणि लहानग्या लेकीसह राहत असे. मुलांनो, शेकरू म्हणजे खारीचा मोठा भाऊ. तांबूस अंग, झुपकेदार लांब शेपूट, आणि सगळा संसार झाडाच्या शेंड्यावर. शेकरे एकाहून अधिक घरटी बांधतात, ही त्यांची रीतच आहे. एक झोपायला, एक पिल्लांना. या शेकरूने मात्र सात बांधली होती. त्या दोन घरट्यांखेरीज दोन पाहुण्यांसाठी, एक दुपारच्या विश्रांतीसाठी, आणि उरलेली दोन केवळ दरीपलीकडून दिसावीत म्हणून.

सात घरटी म्हटली की सात घरट्यांची डागडुजी आली. ती तो स्वतः करत नसे. त्यासाठी दोन कावळे रोजावर होते. ते काटक्या आणत, शेकरू त्यांना फळे देई. दुपारी वानरांची टोळी आली की त्यांना खाऊ घाले. स्वतः खायला बसला की बेहड्याला वरून दोन चावे घेई आणि बाकीचा खाली टाकून देई. बी काढून खाणे त्याला हलकेपणाचे वाटे. खाली पडलेले उचलणे तर दूरच. तो म्हणे, "शेकरू जमिनीला पाय लावत नाही." त्याच्या आजोबांनी लावला नव्हता, वडिलांनी लावला नव्हता. खाली बिबट्या फिरतो, रानकुत्री फिरतात, हे खरे होते. पण खरे कारण भीतीचे नव्हते, तोऱ्याचे होते.

एका वर्षी चैत्रात गारा पडल्या. जांभळाचा मोहर झडला, आंब्याच्या कैऱ्या झडल्या, फणसाची कोवळी फळे काळी पडून गळाली. पावसाळा आला तेव्हा जंगलात खायला फारसे काही नव्हते. अशा वेळी शहाणे प्राणी घास लहान करतात. शेकरूने घास लहान केला नाही, कावळे कमी केले नाहीत, वानरांना नको म्हटले नाही. तो उसने आणायला निघाला.

जंगलात उसने देणारी एकच होती. ती म्हणजे एक म्हातारी घूस. तिच्या बिळात बियांची कोठारे होती. शेकरू सर्वांत खालच्या फांदीवर गेला, मागच्या पायांनी फांदी धरून उलटा लटकला, आणि जमिनीला शेपटीचा केसही न लावता त्याने कर्ज मागितले. घुशीने हसू दाबले. पळसाच्या पानावर मावतील तेवढ्या बियांना जंगलात 'एक पान' म्हणत. घूस म्हणाली की दहा पाने न्या आणि पंधरा पाने परत करा. घाई काही नाही. तुमच्यासारख्या थोरामोठ्यांचे कुठे बुडते, असेही तिने वर जोडले.

शेकरूला ते बोलणे फार आवडले. तो पुन्हा गेला. मग तिसऱ्यांदा गेला. तिसऱ्या वेळी घुशीचा आवाज तेवढाच गोड होता, पण बोलणे बदलले होते. तिने तारण मागितले. तारण असे, की माघात काटेसावरीचे झाड फुलेपर्यंत सगळे देणे चुकते झाले नाही, तर हिरड्याच्या मुळाशी बीळ काढायचा हक्क तिचा.

शेकरूने मान हलवली. एवढे मोठे झाड, त्याला एका बिळाने काय होणार, असे त्याला वाटले. पण घूस एक बीळ काढून थांबत नाही. ती बिळातून बीळ काढते, माती पोखरते, मुळे उघडी पाडते. काठावरच्या झाडाला मग पहिले वादळ पुरते. हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. त्याने त्यावर विचार करायचे टाळले. आणि बायकोला काहीच सांगितले नाही.

पावसाळा सरला. एके सकाळी घूस हिरड्याच्या बुंध्याभोवती फिरत होती. एका मुळापासून दुसऱ्या मुळापर्यंत पावले टाकून ती अंतर मोजत होती. शेकरूच्या बायकोने वरून विचारले की मावशी, काय हरवले? घुशीने सरळ सांगून टाकले. किती पाने झाली, मुदत कधीची, तारण काय. वर म्हणाली, "भाऊ सांगायला विसरले असतील. कामं फार असतात त्यांना."

शेकरूच्या बायकोने ज्या घरट्यात तिची लेक झोपली होती तिकडे एकदा पाहिले. लेकीला अजून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारता येत नव्हती. झाड कोसळले तर आईबाप निसटतील, ती निसटणार नाही. मग ती बुंध्यावरून सरळ खाली आली आणि जमिनीवर उभी राहिली. घुशीला म्हणाली की ज्या बियांसाठी आमचे झाड जाणार आहे, त्या बिया मला दाखवा.

घुशीला आपल्या कोठारांचा अभिमान होता. तिने आनंदाने दाखवल्या. शेकरूची बायको बिळाच्या तोंडाशी बसून एकेक बी हातात घेऊन बघत राहिली. बघता बघता तिचे हात थांबले. त्यातले एक अर्धवट खाल्लेले बेहड्याचे फळ तिने मागून घेतले आणि ती झाडावर परतली. शेकरू दुपारच्या घरट्यात आडवा पडला होता. तिने ते फळ त्याच्यापुढे ठेवले.

"हा बेहडा कुणी चावलाय?"

शेकरूने पाहिले. वरच्या बाजूला दोन चावे होते. त्याच्या पुढच्या एका दाताचा कोपरा तुटलेला होता, त्याची खूण फळावर स्पष्ट होती. "मीच," तो म्हणाला.

"आणि खाली टाकला कुणी?"

शेकरूने खाली पाचोळ्याकडे पाहिले.

"आणि घुशीकडून असेच उसने आणले कुणी?"

मुलांनो, आता हिशेब बघा. घुशीने काही पेरले नव्हते, झाडावर चढून काही तोडले नव्हते. तो वरून टाकत होता ते ती खाली वेचत होती. आणि त्यानेच टाकलेले ती त्यालाच व्याजाने देत होती. एवढी साधी गोष्ट त्या उंच शेंड्यावरून त्याला दिसली नव्हती.

शेकरूच्या बायकोने आदळआपट केली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने घर आवरायला घेतले. एकच घरटे ठेवायचे आणि बाकीची मोडून त्यांच्या काटक्यांनी तेच मजबूत करायचे, म्हणजे नव्या काटक्या लागणार नाहीत. फळ खायचे ते बीपर्यंत. बी मात्र खायची नाही, ती देण्यासाठी साठवायची. कावळ्यांचा रोज बंद. तिने कावळ्यांना बोलावून खरे ते सांगितले, तेव्हा थोरला कावळा म्हणाला, "वहिनी, आम्हाला अंदाज होताच. महिनाभर आमचा रोज उशिराच येतोय." जाताना तो उरलेल्या काटक्या फुकट ठेवून गेला.

वानर आले तेव्हा तिने त्यांनाही सांगितले की यंदा देण्यासारखे काही नाही. वानरांनी तोंडे वाकडी केली आणि पुढच्या झाडावर गेले. ज्यांच्यासाठी घर लुटवत होतो ते एका वाक्यात निघून गेले, हे शेकरूने पाहिले. त्याला वाईट वाटले. पण वाईट वाटणे निराळे आणि सुधारणे निराळे. तो दुपारचे घरटे मोडायला तयार झाला, दिखाव्याची दोन मोडायला कुरकुरत तयार झाला, पाहुण्यांच्या दोन घरट्यांना मात्र हात लावू देईना. आणि वेचायला खाली उतर म्हटले की त्याचे एकच पालुपद, शेकरू जमिनीला पाय लावत नाही.

म्हणून ती एकटीच उतरू लागली. दुपारी, लख्ख उन्हात, चारी बाजूंना कान देऊन. पाचोळ्यात पडलेले हिरडे, बेहडे, वाळलेली उंबरे ती गालांत भरून आणी. वानर वरून हसत. त्यांच्यातला एक म्हातारा तर रोज नवे काहीतरी बोले. कधी विचारी की वहिनी, शेपूट कधी कापणार? कधी म्हणे की बिळात खोली मिळाली की आम्हाला जेवायला बोलवा. एक दिवस त्याने शेकरूलाच गाठले. "भाऊ, वहिनी खाली राबतात आणि तुम्ही वर बसता. मग या झाडावर शेकरू कोण म्हणायचं?"

हे हसणारे वानरच बिबट्या दिसला की खोकल्यासारखा आवाज काढून सगळ्यांना सावध करत. तो आवाज ऐकूनच ती दोनदा वाचली होती. त्यामुळे ती त्यांच्या हसण्यावर रागावत नसे. तेवढा वेळही तिच्याकडे नव्हता.

मग दरीपलीकडून निरोप आला. शेकरूची थोरली बहीण भाचीला बघायला येत होती. आता शेकरूचे पाय जागेवर ठरेनात. माहेरी आलेल्या बहिणीला नुसती उंबरे कशी वाढायची? ती परत गेल्यावर काय सांगेल? तो खालच्या फांदीवर गेला, पूर्वीसारखा उलटा लटकला आणि घुशीला हाक मारू लागला.

खाली पाचोळ्यात त्याची बायको वेचत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

"झाड देऊन झालं," ती म्हणाली. "आता तारण काय ठेवणार? लेक?"

शेकरूच्या तोंडातली हाक तोंडातच राहिली. तिकडे घूस बिळाबाहेर येऊन, कोण बोलावतंय म्हणून नाक उंचावून हुंगत होती. तो हळूच फांदीवर परत चढला आणि वर गेला.

बहीण आली. शेकरूने तिला पाहुण्यांच्या घरट्यात न नेता आपल्या मोठ्या घरट्यात बसवले. वाढण्याआधीच त्याने सांगायला सुरुवात केली. त्याने काही लपवले नाही. गारा, घूस, उलटे लटकणे, तारण, सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, "ताई, तुझ्यापुढे ठेवायला तीन उंबरं आहेत. त्यातली दोन तुझी."

बहिणीने उंबराला हात लावला नाही. मग म्हणाली, "तू सात घरटी बांधलीस, ती पलीकडून दिसायची. म्हणून मी नऊ बांधली."

"मग तुझं कसं चाललंय?"

"त्याच घुशीच्या भावाचं देणं आहे. माझी मुदत गेल्या अमावास्येला संपली." तिने भावजयीकडे पाहिले. "वहिनी, आमच्या झाडाखाली खणायला लागलेत. दिवसभर माती पडल्याचा आवाज येतो. मी बाळाला बघायला आले हे खरंच, पण इथे काही दिवस राहता येईल का, तेही बघायला आले होते. विचारायची हिंमत होत नव्हती."

शेकरूची बायको म्हणाली, "वन्सं, आमचं घरटं आता एकच उरणार आहे, पण चौघांना पुरेल. खायला जे आहे ते वाटून खाऊ."

इतकी वर्षे दोन भावंडे दरीच्या दोन काठांवर बसून एकमेकांना घरटी दाखवत होती. दोघांनाही दुसऱ्याचे घर भरलेले वाटत होते. दोन्ही घरे रिकामी होती. मधल्या काळात कुणी एकाने जरी खरे बोलून टाकले असते, तर बहिणीचे झाड वाचले असते. ते वाचले नाही. पुढे आठवडाभराने ते दरीत कोसळल्याचा आवाज या काठापर्यंत आला. बहीण तेव्हा शेकरूच्या घरट्यात बसलेली होती. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "गेलं."

पण त्याआधी, ती आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शेकरूने पाहुण्यांची दोन्ही घरटी स्वतः मोडली. मग तो बुंध्यावरून खाली आला. शेवटच्या हातभर अंतरावर त्याचे पाय अडले. वरून म्हातारा वानर बघत होता, आणि नेमका त्या दिवशी तो काही बोलला नाही. शेकरूने डोळे मिटले आणि पाय जमिनीवर टेकवले. काहीही झाले नाही. आकाश फाटले नाही, वाडवडील अवतरले नाहीत. पायाखाली पाचोळा होता आणि पाचोळ्यात पाच हिरडे होते. त्याने ते उचलले.

त्या हिवाळ्याचे वर्णन मी गोड करून सांगणार नाही. काटकसर सोपी असते असे सांगणारे खोटे बोलतात. लेकीला उंबराचा गर हवा असे, पण उंबरे खारींना देऊन त्यांच्याकडून बिया घ्यायच्या असत. ती रुसून कोपऱ्यात बसे. शेकरूची बायको आपल्या वाट्यातले तिला देई, आणि स्वतः खाल्ले म्हणून सांगे. एकदा पाचोळ्यात वेचता वेचता रानकुत्र्यांनी शेकरूला गाठले. तो झाडावर चढला तेव्हा शेपटीचा अर्धा झुपका खालीच राहिला होता. चौघांची हाडे दिसू लागली. पण रोज संध्याकाळी शेकरू आणि त्याची बायको झाडाच्या ढोलीत साठवलेल्या बियांवर हात फिरवून बघत, आणि रोज ती रास बोटभर का होईना, चढलेली असे. मधून मधून शेकरू पानेच्या पाने घुशीकडे पोचवून येई, म्हणजे मुदतीला देणे कमी उरेल. आता तो उलटा लटकत नसे. चार पायांवर चालत जाई आणि तिच्या डोळ्यांत बघून देई.

माघात एका सकाळी काटेसावरीला पहिले लाल फूल आले. ऊन अंगावर येण्याआधीच घूस हजर झाली. सोबत तिचे दोन जवान मुलगे होते, खणायच्या तयारीने. शेकरूने ढोलीतली सगळी रास खाली आणली. घुशीने पान पसरले आणि भरून भरून बाजूला ओतू लागली. रास संपली तेव्हा तीन पाने कमी भरली. मुलग्यांनी बुंध्याच्या मुळाशी नाके लावली.

शेकरूच्या बायकोने वर जाऊन पानांत गुंडाळलेली एक पुडी आणली. लेकीसाठी तिने त्या बिया निराळ्या ठेवल्या होत्या. हिवाळाभर त्यांना कुणी हात लावला नव्हता. शेकरूने तिचा हात धरला.

"हे दिलं तर उद्या खायचं काय?"

"उद्याचं उद्या शोधू," ती म्हणाली. "झाडावरून शोधू. झाडच नसलं तर कुठून शोधणार?"

पुडी उलगडली. तीन पाने भरली आणि वर दोन बिया उरल्या. घुशीने त्या दोन बियाही उचलल्या, तेव्हा बहिणीने पुढे होऊन त्या तिच्या पंजातून काढून घेतल्या. घुशीने मुलग्यांना खुणेने मागे बोलावले. निघताना मात्र तिचा आवाज पुन्हा गोड झाला. पुढेमागे लागलेच तर संकोच करू नका, तुमच्यासारखा सरळ शेजारी या जंगलात दुसरा नाही, असे म्हणाली.

शेकरू म्हणाला, "मावशी, माझी वाट बघू नका."

घूस गेली. मुळाशी माती तशीच होती, घट्ट आणि न उकरलेली. बहिणीने हातातल्या दोन बिया फोडून भाचीला भरवल्या. त्या संपल्यावर घरात खायला खरेच काही उरले नव्हते. शेकरू फांदीच्या टोकाला गेला आणि हिरड्याची कोवळी साल सोलून त्याने तिचे चार तुकडे आणले. चौघेही दरीकडे तोंड करून ते चावत बसले. पहिल्याच घासाला लेकीने तोंड वेंगाडले.

"बाबा, हे कडू आहे."

"आहे," शेकरू म्हणाला. "पण कुणाचं देणं नाही त्यावर. खा."

तात्पर्य : थाट टिकवण्यासाठी काढलेले कर्ज, तो थाट आपल्याच हातांनी मोडल्यावाचून फिटत नाही, आणि लाज बाळगायचीच असेल तर उधळपट्टीची बाळगावी, काटकसरीची कधीही नाही.